नमुना आला का?

जोखीम कशी घ्यावी हे जगात पुष्कळांना कळतं. ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधावी, हे फक्त मला कळतं! निदान त्या सोमवारपर्यंत माझं तसं ठाम मत होतं.

आमचा खुर्च्यांचा कारखाना. आमचा म्हणजे काकांचा. काकांनी स्वतः रंधा मारून उभा केलेला. आता ते थकले होते, घरी बसायचं म्हणत होते, आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हा प्रश्न होता. उमेदवार दोन. एक मी, सख्खा पुतण्या. दुसरी ताई, म्हणजे त्यांची मुलगी. ताईला कारखान्यातला खिळा न् खिळा ठाऊक. मला मात्र भविष्य ठाऊक होतं!

"काका, काळ बदललाय," मी म्हणालो. "खुर्ची नुसती बसायला असून भागत नाही. तिला अक्कल हवी!"

"बसणाऱ्याला असली तरी पुष्कळ झालं," काका म्हणाले.

'नवीन' हा शब्द ऐकला की काका आधी आपल्या खुर्चीचे हात घट्ट धरायचे. त्याला कारणही होतं. तरुणपणी त्यांनी एक घडीची खुर्ची काढली होती. घडी फार सुंदर व्हायची, फक्त गिऱ्हाईक आत बसलेलं असताना व्हायची. त्यात कारखाना बुडता बुडता वाचला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, काका तर तेव्हापासून साधं पाणीही फुंकून प्यायचे.

पण माझी योजनाच अशी होती की फुंकायची गरजच नाही! फार वेळ बसलेल्या माणसाला उठवणारी खुर्ची. ऑफिसात दिवसभर बसून ज्यांच्या कमरेचा पार भुगा झालाय, त्यांच्यासाठी. लाकूडकाम आपलं, आतलं डोकं बाहेरच्या कंपनीचं. आधी एकच नमुना करून बघायचा. चालला तर फायदा अर्धा अर्धा, आपटला तर तोटाही अर्धा अर्धा. आणि नमुना मोडला, तर दुसरा त्यांनी द्यायचा! जोखीम नेहमी बाहेर ठेवावी, हे माझं तत्त्व.

"तोटा वाटून घेतील रे," ताई म्हणाली. "पण हसं झालं तर ते कोण वाटून घेणार?"

मी ताईकडे बघून समजूतदारपणे हसलो. दूरदृष्टी सगळ्यांनाच नसते.

काकांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "सोमवारी नमुना दाखव. नीट चालला, तर माझी खुर्ची तुझी."

झालं! मी तिथल्या तिथे मनातल्या मनात केबिनचे पडदे बदलून टाकले.

बाहेरच्या कंपनीचा मालक म्हणजे एक किडकिडीत, जरासा वाकलेला, मोजकं बोलणारा माणूस. खुर्चीत माणूस बसलाय हे ओळखणारा सेन्सर तो बनवायचा, म्हणून मी त्याचं नाव सेन्सरसाहेब ठेवलं होतं. त्याच्या वर्कशॉपमध्ये मी खुर्चीसाठी आवाज द्यायला गेलो. तो म्हणत होता, एखादा शिकलेला आवाज घेऊ या. मी म्हटलं, छे! माझ्या आवाजात जरब आहे, मुलायमपणाही आहे. तीन वाक्यं हवी होती. पहिलं गोड, दुसरं कडक, तिसरं निर्वाणीचं. तिन्ही मी जीव ओतून म्हटली. सेन्सरसाहेब तिसऱ्या वाक्याला खुर्चीपासून थोडा लांब सरकला.

सोमवार उजाडला. मी वॉचमनला बजावलं, "आज एक नमुना येणार आहे. आला की कळव." आणि वर जाऊन बैठकीची खोली आवरायला लागलो. थोड्या वेळाने मीच गेटवर फोन लावला.

"काय रे, नमुना आला का?"

"आलाय साहेब! गेटवरच आहे."

"दिसायला कसा आहे?"

"काय सांगू साहेब, अगदीच किरकोळ आहे. पाठीला बाक आहे."

"बाक हवाच! बोलतो का?"

"मघापासून बोलतोय! आत सोडा म्हणतो."

मी आनंदाने टाळीच वाजवली. खुर्ची आपणहून 'आत सोडा' म्हणते म्हणजे सेन्सरसाहेबाने कमालच केली! "वा वा! मग असं कर, त्याला जरा उन्हात ठेव. बघू कितपत तग धरतो."

"उन्हात?"

"हो! आणि तुझं वजन चांगलं आहे. तू बस बरं त्याच्यावर!"

"साहेब, असं कसं बसू? शिकलासवरलेला दिसतोय."

"शिकवलेलाच आहे तो! दणकून बस. मोडला तर मोडू दे, आपल्या बापाचं काय जातंय? दुसरा पाठवतील!"

आमच्या वॉचमनला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो. हे मला माहीत होतं. नमुन्यालाही कान आहेत, हे मात्र माहीत नव्हतं.

मी खाली गेलो तर खुर्ची टेम्पोत, खोक्यात बंद! आणि गेटबाहेर भर उन्हात सेन्सरसाहेब उभा, टोमॅटोसारखा लाल.

"बसलो नाही हो साहेब," वॉचमन घाईघाईने म्हणाला. "नुसता खांद्यावर हात ठेवून बघितला. टिकाऊ वाटत नाही."

"अहो, नमुना म्हणजे तुम्ही नव्हे! नमुना म्हणजे खुर्ची!" मी हात जोडले, पाणी मागवलं, स्वतःच्या रुमालाने त्याला वारा घातला. तो फक्त "कळलं" म्हणाला. हे 'कळलं' मला आवडलं नाही.

वर काका, ताई आणि झाडून सगळा कारखाना जमला होता. काका नव्या खुर्चीत बसले. मी सेन्सरसाहेबाला खुणावलं. त्याने खिशातून रिमोट काढला, माझ्या हातात ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन हाताची घडी घातली.

"अहो, हे तुम्ही करायचं ना? किती वेळ लावू?" मी कुजबुजलो.

"तुम्हीच ठरवा," तो म्हणाला. "नमुन्याला काय कळतं?"

मी वीसचा आकडा दाबला. वीस मिनिटं. तेवढ्यात काकांचं भाषण संपेल आणि माझं नाव जाहीर होताना खुर्ची बोलेल, असा सुंदर हिशेब होता.

रिमोट सेकंदांचा होता!

काकांनी घसा साफ केला. "मंडळी, या कारखान्यात माझा जन्म गेला. आज ही खुर्ची सोडताना..."

"उठता का आता? बराच वेळ बसलात!" माझा आवाज. गोड.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालास?"

"मी नाही काका! खुर्ची!"

"आवाज तुझा आहे."

"आवाज माझा आहे, पण म्हणाली खुर्ची!"

"किती चिकटून बसाल? काही जनाची, मनाची?" खुर्चीने विचारलं. हे कडक.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, आज सोडतच होतो ना मी! एवढी घाई झाली तुला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रिमोटची सगळी बटणं एकदम दाबली. खुर्चीला वाटलं, निर्वाणीची वेळ आली.

"उठता, की उठवू?"

आणि बैठक मागून वर उचलायला लागली! काकांनी घाबरून खुर्चीच्या हातांना मिठी मारली. जितकी घट्ट मिठी, तितकं खुर्चीला वाटे, हा माणूस अजून बसलाच आहे! "उठता, की उठवू? उठता, की उठवू?" काका ओरडत होते, "अरे उठतोय! उठतोय मेल्या!" शेवटी ताईने शांतपणे जाऊन वायर उपटली आणि काकांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं.

पहिल्यांदा हसला तो सेन्सरसाहेब. मग वॉचमन, मग अख्खा कारखाना. काकाही हसले, पण ते डोळे पुसून झाल्यावर. ताईचं बरोबर होतं. त्या हशातला एक तुकडासुद्धा कोणी वाटून घेतला नाही.

काकांनी खुर्ची ताईला दिली. ताईने त्याच सेन्सरसाहेबाला आधी सरबत दिलं, मग करार केला. उचलणं काढून टाकलं, माझा आवाज काढून टाकला आणि स्वतःचं एकच वाक्य घातलं: "उठतोस ना?" लोक ताडकन उठतात. ऑर्डरी सांभाळता सांभाळता पुरेवाट होतेय.

आणि मी? काका म्हणाले, "जोखीम नेहमी बाहेर ठेवावी, हे तुझंच तत्त्व. मला पटलं." आता माझं टेबल गेटपाशी, वॉचमनच्या शेजारी आहे. आलेल्या मालाची नोंद करतो. ताई रोज सकाळी वरून फोन करते. स्पीकरवर मला सगळं ऐकू येतं.

"नमुना आला का?"

वॉचमन माझ्याकडे एकदा नीट बघून घेतो.

"आलाय ताई. सावलीत बसवलाय."