पेडणेकरांची आडवी भिंत

पेडणेकर काका माणसाला खांद्याला धरून वळवतात. ओळख असलीच पाहिजे असं नाही. तुम्ही आमच्या बागेच्या फाटकातून आत आलात आणि सवयीने डावीकडे निघालात, की मागून दोन हाडकुळे हात येतात, तुमचे खांदे धरतात आणि तुम्हाला उजवीकडे तोंड करून उभं करतात. "वळा. असं. आता चाला. सत्तावीस पावलं. पळू नका, आता उघडेल बघा!" नवखा माणूस आधी खिसा चाचपतो.

आमची बाग चिंचपोकळी आणि लालबागच्या मध्ये, चाळींच्या पोटात आहे. पाटीवर कुणा पुढाऱ्याचं नाव आहे, पण सगळे तिला भिंतीची बाग म्हणतात. कारण फाटकातून आत शिरलं की समोर बाग दिसतच नाही, दिसते काळ्या दगडाची, पुरुषभर उंच आडवी भिंत. डावीकडून गेलात तर आधी पंपाची खोली आणि मुतारी लागते आणि त्यांच्या मागून वाट बागेत शिरते. उजवीकडून गेलात तर भिंत संपते तिथे एकदम सगळी बाग समोर पसरते. हे मुद्दाम असं केलेलं आहे आणि ते जगाला कळलं पाहिजे, असा काकांचा ध्यास. जग मात्र डावीकडून जातं, कारण तिकडे सावली आहे.

काका माझ्या शेजारच्या खोलीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, वजन तेवढंही नसेल. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. साहेबाने सिगारेटच्या पाकिटावर मारलेल्या रेघोट्यांचा नीट नकाशा करायचा, हे काम. ही बाग साहेबांनी सुचवली, कंत्राटदाराने बांधली आणि पेडणेकरांनी काढली, असा इतिहास ते सांगतात. त्यात 'काढली'वर आवाज चढतो.

नोकरी सुटली तरी कानावरची पेन्सिल सुटली नाही. मी कलिंगड आणलं तर दारातून विचारतात, "सेक्शन कुठे घेणार?" म्हणजे उभं कापणार की आडवं. माझ्या भाचीच्या लग्नात जेवणाची रांग तुंबलेली बघून त्यांनी "सर्क्युलेशनच चुकलंय" असं जाहीर केलं आणि ताटांचं टेबल एकट्याने ओढत दुसऱ्या भिंतीला नेलं. वरपक्षाचे लोक बघत राहिले. रांग भराभर सरकली हे कबूल करायला हवं, पण वरपक्ष आजही आमच्याशी जरा तुटकच बोलतो. कुठलीही गोष्ट पसंत पडली नाही की काकांचा शेरा एकच, "नकाशात असं नाहीये." माझ्या मुलाने कॉमर्स घेतलं तेव्हाही हेच म्हणाले.

काकांची बायको, सुलभाकाकी गेल्या त्या दिवशीचं तर सांगूच नये, पण सांगतो. आमच्या जिन्याचं वळण अरुंद. खाली नेताना लोक अडकले. सगळे कुजबुजत असताना काका पुढे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आधी पाय बाहेर घ्या, मग डोक्याकडची बाजू वळवा. तीन फूट नऊ इंच आहे, बसतं." बायका तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे बघत होत्या. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

काकींबद्दल त्यांची एक जुनी तक्रार होती. "आमच्या हिला बागेत रस नव्हता हो. उद्घाटनाच्या दिवशी घेऊन गेलो, सत्तावीस पावलं चालवली, म्हटलं बघ. तर म्हणते, छान आहे, चला, कुकर लावायचाय. मी आठ महिने घासलो त्या नकाशावर!" नंतरही ते दर रविवारी काकींना घेऊन जात. काकी चालायच्या, वळ म्हटलं की वळायच्या, बघ म्हटलं की बघायच्या.

बागेच्या जागी पूर्वी गिरणीचं कापसाच्या गाठींचं गोदाम होतं. ते पाडल्यावर साहेब तीन दिवस घडीचं स्टूल टाकून मोकळ्या जागेत बसले होते म्हणे. लोक कुठून कुठे जातात ते नुसतं बघत. लोकांच्या पायांनी जिथे वाट पडली होती तिथेच त्यांनी फरसबंदी केली. मग काकांना म्हणाले, "पेडणेकर, इथल्या माणसाला घरात दहा फुटांपलीकडचं काही दिसत नाही. त्याला आपण एकदम लांबचं दाखवायचं. पण आधी झाकायचं." म्हणून भिंत. भिंतीच्या आतल्या अंगाला मधोमध अडीच फूट खोल कोनाडा ठेवला, त्यात गुडघ्याइतका उंच ओटा, पुढे तगरीची झुडपं. कोनाडा कशाला? तर दगडावर सावली पडून भिंत जड वाटू नये म्हणून. हे काकांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की परीक्षेला बसलो तर पास होईन.

आणि गेल्या वर्षी नोटीस लागली. बागेचं सुशोभीकरण. भिंत पाडून तिथे दिव्यांची कमान आणि पुढे 'आय लव्ह लालबाग' अशी लाल अक्षरं. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी बागेतच नागरिकांची सभा, हरकती असतील तर मांडाव्यात.

त्या तीन आठवड्यांत काकांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. पहाटे सहाला माझी कडी वाजायची. "झोपलायस? तिकडे भिंत पाडतायत." "काका, अजून नाही पाडत." "म्हणजे पाडणार ना?" असं म्हणून गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. चहा दिला तर कप घेऊन चालायचे, तिसऱ्या फेरीला कप कुणाच्या तरी खिडकीत ठेवायचे आणि मग आम्ही मजलाभर कप शोधायचो. त्यांनी हरकतीचा अर्ज अकरा वेळा लिहिला, दर वेळी सोबत नवा नकाशा. मला ऑफिसात फोन करायचे, "लिही, दृश्याचं क्रमशः उलगडणं." मी लिहून घ्यायचो. त्यांच्याइतकाच मीही अस्वस्थ झालो होतो, पण वेगळ्या कारणाने.

कारण सत्तावीस पावलांनंतर आता लांबचं काही दिसत नव्हतं. बागेच्या पलीकडे चाळीस मजल्यांचा टॉवर उठत होता. भिंत संपली की समोर पत्रे, क्रेन आणि हिरवी जाळी. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, तर म्हणाले, "ते तात्पुरतं आहे. जाळी निघाली की दिसेल." चाळीस मजले तात्पुरते! पुढे बोलणं माझ्या जिवावर आलं. मी मान डोलावली. सगळेच डोलवायचे.

सभेला पंचवीस-तीस माणसं होती. वॉर्डाचे इंजिनियर तरुण आणि सभ्य निघाले, त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. त्यांनी फ्लेक्सवर कमान दाखवली. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती आवडली. मग काकांनी जुना नकाशा उलगडला, दोन टोकं मला आणि एका दूधवाल्याला धरायला लावली आणि बोलू लागले. दहा मिनिटांत लोकांची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा काकांनी हुकमी पान टाकलं. इंजिनियरला खांद्याला धरलं आणि उजवीकडे वळवलं.

"चला. सत्तावीस पावलं. आता उघडेल."

सगळी सभा मागून चालू लागली. भिंत संपली. समोर टॉवर होता. रविवार असूनही वरून सिमेंटची धूळ येत होती.

"इथून," काका म्हणाले, "इथून पूर्वी..."

इंजिनियर हळूच म्हणाले, "काका, व्ह्यू तर आता राहिलाच नाही ना."

काकांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना. दूधवाल्याने नकाशाचं टोक सोडून दिलं आणि ते सुरळी होत माझ्या हातावर आपटलं.

"व्ह्यू गेला खड्ड्यात," मागून आवाज आला.

तारामावशी होत्या. समोरच्या चाळीतल्या, ऐंशी पार, काठी टेकत आलेल्या. त्यांच्यामागे आठ-दहा बायका. मावशी थेट इंजिनियरांना म्हणाल्या, "साहेब, तुमची खोली केवढी?"

"म्हणजे... वन बीएचके."

"आमची एक. त्यात सात माणसं. गॅलरीत गेलं की शेजारी, नळावर गेलं की शेजारी. बाईमाणसाला जरा रडूक येलं तर जागा खंय? ह्या भिंतीच्या मागे कोनाडो आसा, तिथे बसलं की एका चाळीच्या एका खिडकीतून दिसत नाय. मी मोजल्यात खिडक्या. दुपारी तीन वाजता या, बघा किती जणी बसतात. तुमची कमान लावून आम्हाला उघड्यावर बसवताय काय?"

मागच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "माझं लग्न त्या कोनाड्यात मोडलं आणि तिथेच परत जमलं." हशा पिकला. पण इंजिनियर हसले नाहीत. ते वहीत लिहीत होते.

काका मात्र गोंधळले होते. "कोनाडा सावलीसाठी आहे," ते म्हणाले. "दगडावर सावली पडावी म्हणून."

"पडतेच हो सावली," मावशी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "भाऊजी, तुमका सुलूने सांगलं नाय कधी? ती रोज हयसरच बसायची."

"कोण?"

"तुमची सुलू. रोज तीन वाजता. तुम्ही ऑफिसात."

"रविवारी यायची ती," काका म्हणाले. "माझ्याबरोबर."

"ती तुमची हौस. ही तिची. तुमची आई आजारी होती ना, सहा वर्षं, तेव्हा तर एक दिवस चुकवला नाय तिने. अर्धा तास बसायची आणि घरी जायची. कधी रडायची. कधी नुसतीच. एखादी नवी बाई आली की तिला सांगायची, 'बस गं, घाबरू नको. ही जागा आमच्या ह्यांनी काढलीय.'"

सभा विस्कटत होती, लोक आपापसात बोलू लागले होते. काकांनी विचारलं, "का रडायची?"

"ता काय तिने सांगूक नाय," मावशी म्हणाल्या. "आम्हीही विचारलं नाय. तिथे कुणी विचारत नाय."

कमान मागच्या फाटकाला गेली. लाल अक्षरंही तिकडेच. भिंत राहिली. वॉर्डाकडून तसं पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं काका मजलाभर नाचतील, पण त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि "बरं झालं" म्हणाले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी अर्धी रजा टाकून दुपारी घरी येत होतो. बागेवरून जाताना आत बघितलं. काका भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, फाटकाकडे तोंड करून उभे होते. पलीकडून बायकांचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. तेवढ्यात चालायला आलेला एक माणूस उजवीकडे निघाला. काकांनी पुढे होऊन त्याला खांद्याला धरलं आणि डावीकडे वळवलं, पंपाच्या खोलीच्या रस्त्याला.

मी जवळ गेलो. "काका, आत नाही गेलात? काकींची जागा बघितलीत?"

"गेलो होतो काल," ते म्हणाले. "मला बघून सगळ्या गप्प झाल्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोल. एक जण नवी आलीय."