दहावा हिस्सा

संध्याकाळी सातला आरती होती आणि दुपारचा एक वाजला तरी शहाडच्या त्या बिल्डिंगमध्ये गणपतीचे एक्कावन्न मोदक कोण करणार हे ठरलं नव्हतं. अठरा वर्षं ते शिवरामची बायको मालन करायची. ती गेली. गेल्या वर्षी दुकानातून आणले, तर केशरबाईंची कवळी मोदकातच राहिली. यंदा घरचेच करायचे म्हणून सगळे ओरडले, आणि करायचं कोणी म्हटल्यावर सगळे गप्प.

शेवटी पॅसेजमध्ये सतरंजी टाकून शिवराम आणि त्याचे शेजारी गुणाजी आणि केशरबाई तीन पत्ती खेळायला बसले. प्रत्येकाला चाळीस चिंचोके. सुरुवातीला किती लावायचे ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ज्याचे आधी संपतील, त्याने मोदक करायचे.

मालन गेल्यापासून शिवरामने स्वयंपाकघरात चहासुद्धा केला नव्हता. त्याची सून संचिता दारातूनच म्हणाली, "बाबा, टेन्शन घेऊ नका. दर डावाला हातात असतील त्यांचा दहावा हिस्साच लावायचा. हरत गेलात की लावणंही कमी होतं. संपतच नाहीत!"

पहिल्या डावात चार गेले. उरले छत्तीस. शिवरामने हिशोब केला आणि गंभीरपणे अडकित्ता मागवला.

"हे काय रे?" गुणाजी म्हणाला.

"छत्तीसचा दहावा हिस्सा. तीन आणि वर अर्ध्याहून थोडा जास्त."

"शिवा, पत्ते खेळतोयस की सुपारी कातरतोयस?"

"नियम म्हणजे नियम."

तासाभरात त्याच्यापुढे पाच चिंचोके आणि थोडा चुरा उरला. गुणाजी दणादण लावायचा, त्याचे बारा राहिले. बाकीचे सगळे केशरबाईंच्या पदरात. "शिवरामभाऊ, तो चुरा फुंकू का?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शिवरामला पत्ते आले. एक्का. एक्का. एक्का. त्याचे कान तापले. नियमाने लावायचा अर्धा चिंचोका! त्याने संचिताकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पाचही चिंचोके चुऱ्यासकट पुढे सारले.

"पॅक," केशरबाई तात्काळ म्हणाल्या.

"मी पण पॅक," गुणाजीने पत्ते टाकले. "दहाव्या हिश्शाचा माणूस सगळं लावतोय म्हणजे एक्के असणार."

तीन एक्के हातात, आणि मिळाले त्यांनी आधी ठेवलेले दोन चिंचोके! शिवरामला रडू यायचंच बाकी राहिलं. पुढच्या डावाला दुरी, पंजी, नव्वी आली. रागानेच त्याने परत सगळे लावले.

"पॅक!"

"पॅक!"

शिवराम चमकला. तिसऱ्यांदा भिकार पानांवर सगळे लावले. परत दोघं पॅक! आता त्याच्याकडे अकरा, गुणाजीकडे नऊ. चौथ्यांदा त्याने सगळे सरकवले, केशरबाई पॅक झाल्या आणि गुणाजीचा संयम सुटला.

"किती वेळा एक्के येतील रे तुला? हे घे, माझे नऊच्या नऊ! दाखव!"

शिवरामने एकेक करून पत्ते उलटे केले. तीन सत्त्या.

"जिंकलो!" तो सतरंजीवरच नाचला. संचिताने टाळ्या वाजवल्या. गुणाजी डोक्याला हात लावून बसला.

"बरं, करतो मोदक," तो म्हणाला. "पीठ गार पाण्यात कालवायचं ना?"

"गार पाण्यात?" शिवराम नाचता नाचता थांबला. "अरे वेड्या, जेवढं पीठ तेवढंच पाणी. त्यात मीठ, चमचाभर तूप. खळखळून उकळी आली की पीठ घालायचं, ढवळायचं, झाकण ठेवून वाफ आणायची. आणि गरम असतानाच मळायचं, हात भाजला तरी. मालन फुंकर मारत मारत..."

गुणाजीने केशरबाईंकडे पाहिलं. केशरबाईंनी संचिताकडे.

"संचिता, परात आण गं," त्या म्हणाल्या.

"अहो, मी जिंकलोय!"

"जिंकलात ना! म्हणून तर नारळ गुणाजीभाऊ खवतील. तुम्ही नुसतं मळा."

पाच वाजता सगळा पॅसेज शिवरामच्या दारात गोळा झाला होता. आत तो लालबुंद हातांनी उकड मळत होता, मध्येच फुंकर मारत होता आणि गुणाजीवर ओरडत होता, "अरे, मोदकाला अकरा कळ्या! नऊ नाही, अकरा! तिने पाहिलं असतं तर हाकललं असतं तुला!"