मशीन मध्येच बंद पडली

“मान हलवू नको गा बाबू, कान काही पुन्हा उगवत नाही.”

शालिकरामकाकांचा हा आवाज अजून माझ्या मानेवर आहे. कळमेश्वरजवळच्या आमच्या गावात कडुनिंबाखाली पोत्यावर बसवून ते आम्हा पोरांचे केस कापत. तोंडात ओवी, हातात कैची, आणि कैचीचा ठेका ओवीला असा लागायचा की अर्धी पोरं डुलता डुलता झोपून जात. माझं सगळं बालपण त्यांच्या हाताखाली गेलं. मग केस कापण्यातलं मला नाही तर कोणाला कळणार? टाळेबंदीत हा समज फारच पक्का झाला, कारण माझे केस कानांवरून उतरून खांद्याची चौकशी करू लागले होते आणि नागपूरच्या आमच्या महाल भागातली सगळी सलूनं कुलूपबंद होती.

घाई होती ती बाबांमुळे. टाळेबंदी लागली त्या दिवशी त्यांनी फोन करून, सगळं टाकून गावी ये, म्हटलं. मी म्हटलं, नोकरी सोडून कसा येऊ? झालं! तेव्हापासून बाबाराव माझ्याशी बोलायचे बंद. रोज फोनवर आई एकटीच, आणि तिच्यामागे बाबांच्या खाटेची कुरकुर. शेवटी आईने शब्द दिला की रविवारी ती त्यांना धरून व्हिडिओ कॉलसमोर बसवेल. आता बाबांना वाढलेले केस म्हणजे डोळ्यातलं कुसळ. काहीही होवो, पण बोलणं माझ्या केसांवरून अडता कामा नये!

बायको, तारा, म्हणाली, टोपी घाला. पण निश्चय म्हणजे निश्चय. मी दाढीची मशीन काढली आणि तिला आरसा धरायला लावलं. सुरुवात झकास झाली. मग मशीनचा कंगवा निसटला आणि कपाळापासून टाळूपर्यंत असा सरळ रस्ता पडला की त्यावरून मेट्रो धावावी! दोन्ही बाजू त्या रस्त्याला सारख्या करायला घेतल्या, तर डावी बाजू होताच मशीन जी गप्प झाली ती झालीच. ताराच्या हातातला आरसा हसून हसून हलत होता. उरलेलं सगळं वस्तऱ्याने उतरवावं लागलं. गुळगुळीत डोक्याखाली मिशी उगाच पाहुण्यासारखी दिसू लागली. ती जरा डावीकडून नीट केली, जरा उजवीकडून नीट केली, आणि पाहुणी निघून गेली.

एप्रिलचं ऊन. आंघोळ करून, उघड्या अंगावर पांढरा दुपट्टा टाकून मी गॅलरीत आलो. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या गॅलऱ्या इतक्या जवळ की इकडची भाजी करपली तर तिकडे ठसका लागतो. समोर सिंधूताई कुरड्या वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. त्यांनी मास्क वर ओढला.

“कधी झालं, भाऊ?”

“आज सकाळीच, ताई.”

“घरीच?”

“घरीच. बाहेर कुठं जायची सोय आहे आता?”

“लय त्रास झाला का गा?”

“थोडा झाला. मशीन मध्येच बंद पडली, मग सगळंच गेलं.”

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या केसांवर शेजाऱ्यांची एवढी माया! मलाच भरून आलं. मी समजूत घातली की जाऊ द्या, या उन्हात नुसतं ओझंच झालं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट आत आलो.

दुपारी दाराच्या कडीला एक डबा लटकलेला. मग दुसरा. मग तिसरा. मी शेजारधर्माचे गोडवे गात ताटं मांडली. ताराने वरणाचा वास घेतला आणि डाव खाली ठेवला. कुठल्याच वरणाला फोडणी नव्हती. बिनफोडणीचं वरण शेजारचे फक्त सुतकाच्या घरी पाठवतात. तिने माझं डोकं पाहिलं, ओठ पाहिला, पांढरा दुपट्टा पाहिला, आणि सिंधूताईंना मी नेमकं काय सांगितलं ते विचारलं.

मोबाइल उघडला. गल्लीच्या ग्रुपवर बाबांना श्रद्धांजल्या सुरू होत्या. दिवे, फुलं, जोडलेले हात. मी घाईघाईने लिहिलं की बाबा ठणठणीत आहेत, गेले ते माझे केस. त्याखाली गल्लीतले वयस्कर नानाजी यांचं उत्तर आलं: ‘धीर धरा. धक्का बसला की सुरुवातीला असंच वाटते.’

तोवर सिंधूताईंच्या कळमेश्वरच्या भावाने आमच्या गावी सांत्वनाचा फोन लावलाही होता. तो नेमका बाबांनीच उचलला. पलीकडचा हुंदके देत म्हणाला, बाबाराव फार भले होते. बाबा म्हणाले, मीच बाबाराव. त्या माणसाने घाबरून फोन आपटला.

पुढचा फोन मला आला. व्हिडिओ कॉल! आधी पंखा दिसला, मग अर्धं कपाळ, मग अख्खे बाबा. आता शिव्या बसणार म्हणून मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कंगवा, मिशी, डबे, सगळं. मागे आई पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबा हसले नाहीत. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, गारपिटीनंतर संत्र्याच्या बागेकडे पाहावं तसे ते माझ्या डोक्याकडे पाहत राहिले.

“बाबा, काही तरी बोला ना.”

“टीव्हीवर रोज नागपूरच दाखवून राहिले,” ते म्हणाले. “तुह्याशी बोललो असतो त रडू आलं असतं, म्हून बोललो नाही. मी मेलो त तू टक्कल करशीन, ते रीतीनंच आहे गा. पन तुले काही झालं, त मी काय करू?”