उष्टा मेल

बोरीच्या हरिनाम सप्ताह समितीपुढे यंदा एकच गंभीर विषय होता : समितीच्या ई-मेलसाठी प्रोटोकॉल कोणता निवडावा.

विषयाला पूर्वपीठिका होती. योगीराजमहाराजांच्या कीर्तनाची तारीख आता फक्त ई-मेलवरच मिळते. गेल्या साली समितीचा प्रोटोकॉल पीओपी होता; जे यंत्र मेल आधी उतरवून घेईल, त्याचाच तो, बाकीच्यांना पत्ता नाही. महाराजांचा मेल मंदिरातल्या कॉम्प्युटरने उतरवून घेतला आणि त्या खोलीची किल्ली पुजाऱ्याबरोबर सासरवाडीला गेलेली. शेवटी काल्याचं कीर्तन पेनड्राइव्हवर झालं. महाराज मधेच ‘विठ्ठ... विठ्ठ... विठ्ठ...’वर अडकले, तरी चिटणीस बन्सीधरने टाळ सोडला नाही. तीस वर्षं महाराजांच्या पाठीशी उभा राहणारा टाळकरी तो; त्या दिवशी स्पीकरच्या पाठीशी उभा राहिला आणि रडला.

म्हणून यंदा त्यानेच गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्या दीपिकाला सभेत आणलं.

“आयमॅप घ्या,” ती म्हणाली. “मेल सर्व्हरवरच ऱ्हातो. तात्यांचा फोन, आदिनाथभाऊंचा, बन्सीकाकांचा आन् मंदिरातला कॉम्प्युटर, चारीकडं सारखाच दिसतो. एकानं वाचला की चारीकडं वाचलेला.”

अध्यक्ष तात्यारावांनी उपाध्यक्ष आदिनाथकडे चमकून पाहिलं. “म्हंजे आदिनाथनं आधी उघडला, तर माझ्याकडं उष्टा येनार?”

“उष्टा न्हाई ओ तात्या. ठळक अक्षरं बारीक व्हतात निस्ती.”

“त्येच की!”

देवाआधी नैवेद्य चाखणारं गाव नव्हतं ते. ठराव झाला : आयमॅप स्वीकारण्यात यावा; तथापि प्रत्येक मेल प्रथम मा. अध्यक्ष उघडतील, तत्पूर्वी कोणीही त्यास स्पर्श करू नये. सूचक आदिनाथ, अनुमोदक बन्सीधर. महाराज येणार असतील तर हात वर करायला काय जातंय, म्हणून बन्सीधरने तो केला.

सोमवारी मेल आला. चारी ठिकाणी, एकाच क्षणी, ठळक. विषय तर न उघडताही वाचता येत होता : ‘काल्याचे कीर्तन. बुधवारपर्यंत होकार कळवावा.’

बन्सीधर तसाच तात्यारावांकडे पळाला.

“दिसलं मला बी,” तात्याराव म्हणाले. “यंदाचं पयलं पत्र हाय. गुरुवारी नारळ फोडून देवापुढंच उघडू.”

“तात्या, बुधवारपस्तोर म्हनलंय की त्यात!”

“कुठं म्हनलंय? पत्र वाचलंय कुनी अजून?”

बन्सीधर माघारी फिरला. वाटेत दीपिका भेटली. “काका, तुमीच देऊन टाका की होकार!”

“पाठवलेलं चारीकडं दिसंल ना बाई.”

“मग दिसू द्या!”

बुधवारी दिवस मावळेपर्यंत बन्सीधरचा अंगठा त्या मेलवर जात होता आणि मागे येत होता. ठरावाला अनुमोदन त्याचंच होतं.

गुरुवारी नारळ फुटला. फोनला बुक्का लागला. तात्यारावांनी मेल उघडला आणि चारी ठिकाणची अक्षरं एकदम बारीक झाली. लोकांनी आयमॅपसाठी टाळ्या वाजवल्या. वर दुसरा मेल येऊन बसला होता : ‘होकार न आल्याने तारीख जिंतूरला दिली आहे.’ तोही ठळक. त्याचा नारळ पुढच्या गुरुवारी ठरला.

काल्याच्या दिवशी बोरीत पेनड्राइव्ह लागला. बन्सीधर एसटीने जिंतूरला गेला आणि लोकांत, अगदी मागे बसला. टाळ त्याच्या पिशवीतच राहिला.

“माउली हो,” महाराज म्हणाले, “निरोप तर केव्हाचा दारात येऊन पडलाय! कुणाची माफी मागायची राहिली, कुणाला भेटायचं राहिलं, सगळ्यांना दिसतंय. पण उघडत कोणी नाही. का? उघडला की उत्तर द्यावं लागतं!”

मंडप डोलला. बन्सीधरने डोळे पुसले. शेजारचा गृहस्थ हेच वाक्य भक्तिभावाने फोनवर चित्रित करत होता. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर ठळक अक्षरांत ‘आई’ उमटलं. त्याने अंगठ्याने ते हळूच बाजूला सारलं आणि पुन्हा मान डोलावली.

त्याला हसू नका. हे वाचता वाचता मघाशी तुम्हीही असाच एक निरोप बाजूला सारलात.