बापूकाकांच्या कमरेचा बत्ता

शनिवार, ८ ऑक्टोबर २००५. स्थळ: ओहायोतल्या डब्लिनपासून अर्ध्या तासावरचं बंदुकांचं दुकान. उपस्थित: बापूकाका, मी, दुकानदार अर्ल, आणि बापूकाकांच्या पँटमध्ये उजव्या बाजूला खोचलेला माझ्या खलबत्त्यातला पितळी बत्ता. अनुपस्थित: मालतीकाकू, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

मी इथल्या मराठी मंडळाची चिटणीस आहे. उपस्थिती मांडल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही.

आम्ही आत शिरलो तेव्हा अर्लची नजर थेट बापूकाकांच्या स्वेटरखालच्या फुगवट्यावर गेली. अर्ल दारात मावणार नाही एवढा मोठा आणि लायब्ररीत बोलावं तसा हळू बोलणारा.

"सर, कमरेला काय आहे? लोडेड आहे का?"

"नाही," बापूकाका म्हणाले. मग त्यांना खोटं बोलवेना. "थोडी वेलची असेल."

त्यांनी बत्ता दोन बोटांनी काढून काचेच्या काउंटरवर ठेवला. अर्लनं तो उलटासुलटा करून पाहिला, वजन हातावर तोललं आणि अदबीनं विचारलं, "कुठलं मेक?"

"नाशिक," बापूकाका म्हणाले.

बापूकाका आमच्या रस्त्यावर तीन घरं सोडून राहतात. आयुष्यभर त्यांनी मोटारींचे ब्रेक तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला ब्रेक उरले नाहीत, मग बाकीचं जग सापडलं. दुकानात छत्री घेतली तर ती तिथेच उघडमीट करत बसतात, सेल्समन जेवून येईपर्यंत. त्यांच्याकडे निकाल दोनच, पास आणि नापास. मंडळाचा माइक नापास. माझा टोस्टर नापास. थोरला जावई पहिल्या भेटीत नापास झाला होता, नंतर फेरपरीक्षेत सुटला.

आणि एक वाक्य ठरलेलं. "ब्रेक दाबला की लागला पाहिजे. शंभर वेळा लागला आणि एकदा नाही लागला, तर त्याला ब्रेक नाही म्हणत. त्याला आशा म्हणतात." हे वाक्य त्यांनी माझ्या छपराच्या काँट्रॅक्टरलाही इंग्रजीत ऐकवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

जुलैमध्ये किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये कुणीतरी काकूची पर्स हिसकली. काकू पडली, मनगट मुरगळलं. पर्समध्ये विशेष काही नव्हतं. मनगट बरं झालं, पण काकू घराबाहेर पडेनाशी झाली. फार तर पत्रपेटीपर्यंत, तेही टपालवाल्याची गाडी नजरेत असेपर्यंत. आणि ही काकू कोण? जिनं या गावात नव्यानं आलेल्या निम्म्या मराठी बायकांना गाडी शिकवली. मीही तिच्याच शेजारी बसून शिकले. मी चुकले की ती ओरडायची नाही, नुसती पायानं हवेतला ब्रेक दाबायची.

बापूकाकांनी यावर मला घरी बोलावून आपला उपाय जाहीर केला. आदल्याच वर्षी ओहायोत लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना मिळायला लागला होता. "छोटं पिस्तूल घ्यायचं. कमरेला दिसणार नाही असं. पण भरवशाचं. दसऱ्याला मालतीला घेऊन सीमोल्लंघन करायचं."

"सीमा कुठली, काका?"

"पत्रपेटी," ते म्हणाले.

आधी टेस्ट, मग खरेदी, हा त्यांचा धर्म. एवढं वजन कमरेला घेऊन दिवसभर वावरता येईल का, हे आधी कळायला हवं. भरलेलं छोटं पिस्तूल साधारण दीड पौंडाचं, असं त्यांनी वाचलं होतं. तराजू घेऊन त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर तपासलं. अडकित्ता हलका, कुकर अशक्य. मग ते माझ्याकडे आले आणि माझा बत्ता तराजूत बरोबर उतरला.

"सुनंदा, दोन दिवस दे."

मी फ्रिजवरच्या यादीत लिहिलं: बत्ता, बापूकाका, परत आणणे.

मंडळाच्या गणपतीला ते रेशमी कुडत्याखाली बत्ता लावून आले आणि एकेकासमोर उभे राहून विचारू लागले, "माझ्यात काही वेगळं दिसतंय?" कुणी म्हणालं, वजन उतरलंय. कुणी म्हणालं, चष्मा नवा. निवृत्त सर्जन असलेल्या फडकेकाकांनी त्यांना कोपऱ्यात नेलं, नजर खाली वळवली आणि गंभीरपणे म्हणाले, "बापू, हर्निया आहे. अंगावर काढू नकोस."

बापूकाका खूश. "म्हणजे दिसतंय! जागा नापास."

त्यांनी बत्ता पाठीमागे सरकवला. आरती संपल्यावर सगळे हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतात ना, त्या गिरकीत तो सुटला, पायजम्यातून खाली उतरला आणि शाळेच्या जिमच्या लाकडी जमिनीवर ठणठण करत थेट गणपतीच्या पाटाशी जाऊन थांबला. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलीनं तो उचलला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि मोदकांशेजारी ठेवला. तिला वाटलं, इथली पद्धत असेल.

तर असा हा बत्ता आता अर्लच्या काउंटरवर होता.

अर्लनं शांतपणे एकेक पिस्तूल काढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी आधी स्वतः उघडून रिकामं असल्याचं दाखवायचा, मग हातात द्यायचा. बापूकाकांना ही शिस्त इतकी आवडली की त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "बघ. हा माणूस पास."

पहिलं पिस्तूल तळहाताएवढं, गोंडस. पण गोळी आत सरकवायला त्याचा वरचा भाग जोरात मागे ओढावा लागतो, आणि बापूकाकांच्या अंगठ्यात संधिवात. त्यांनी ओढलं. श्वास रोखून ओढलं. मग माझ्याकडे पाठ करून ओढलं.

"जितकं छोटं, तितकी आतली स्प्रिंग कडक," अर्ल म्हणाला. "छोटं म्हणजे सोपं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं."

"पिस्तूल पास," बापूकाका धापा टाकत म्हणाले, "मी नापास."

मग अर्लनं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. ओढाओढी नाही, चाप दाबला की झालं. बापूकाकांचे डोळे चमकले. त्यांनी प्रश्नपत्रिका सुरू केली. खिशातले धागेदोरे आत गेले तर? घामानं गंजलं तर? आणि शेवटी, "याला हळद आणि कुंकू लावलं तर अडकेल का?"

अर्लनं पेन्सिल खाली ठेवली. "ते काय असतं, सर?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात, हे बापूकाकांनी त्याला समजावलं. इतकी वर्षं घरात शस्त्र नसल्यामुळे आम्ही विळी, स्क्रू-ड्रायव्हर आणि गाडीचा जॅक पुजतो, हेही सांगितलं. अर्लनं लक्ष देऊन ऐकलं.

"पावडर भरड आहे की बारीक?"

"बारीक."

"बाहेरून लावा. नंतर पुसून तेलाचा हात द्या," अर्ल म्हणाला. आमचे गुरुजी यापेक्षा वेगळं काय सांगतात?

दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर बापूकाकांनी पाच गोळ्या झाडल्या. हलकं रिव्हॉल्व्हर हातात असं उसळलं की पहिल्याच गोळीला त्यांचा चष्मा कपाळावर गेला. कागदाला एकही भोक पडलं नाही.

"सर," अर्ल हळूच म्हणाला, "एक डोळा तरी उघडा ठेवला तर मदत होते."

"हे कधी अडकलंय का?"

"माझ्या हातात तरी नाही. हजारो गोळ्या झाल्या."

"आणि पुढची?"

अर्लनं जरा विचार केला. "पुढची गोळी, सर, नेहमीच आशा असते."

बापूकाका त्याच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य त्यांना कुणीतरी परत ऐकवलं होतं.

काउंटरवर परत आल्यावर अर्लनं त्यांना एक प्रश्न विचारला. म्हणाला, हे सगळ्यांनाच विचारतो. "पार्किंग लॉट आहे. कुणीतरी तुमच्या बायकोची पर्स ओढतोय. ती तुमच्या आणि त्याच्या मधे आहे. तुम्ही काय कराल?"

बापूकाकांनी आपला उजवा हात काउंटरवर पसरला आणि पाहिला. त्यांनी रिव्हॉल्व्हर अलगद त्याच्याकडे सरकवलं.

"नापास," ते म्हणाले.

"रिव्हॉल्व्हर?"

"नाही."

अर्लनं वाद घातला नाही. खालून एक खोका काढला. त्यात लोकांनी घेऊन न वापरलेली चामड्याची होल्स्टरं, म्हणजे कमरेला लावायची पिस्तुलाची म्यानं होती. एकेक काढून तो बत्ता घालून बघू लागला. चौथ्यात बत्ता असा चपखल बसला की उलटं धरून हलवलं तरी हलेना. "घेऊन जा, सर," तो म्हणाला, "मला नाशिकसाठी गिऱ्हाईक कुठून मिळणार?"

परत येताना मी गाडी चालवत होते. बापूकाका मांडीवर बत्ता होल्स्टरमध्ये आत-बाहेर करून बघत होते. एक्झिट आल्यावर ते म्हणाले, "तेव्हा मी तिथेच होतो गं. सामानाची कार्ट परत ठेवायला गेलो होतो. एक चाक डगडगत होतं, म्हणून वाकून बघत बसलो. ती पडली ते मला दिसलंच नाही. आवाज आला."

माझा पाय उगीचच ब्रेकवर गेला.

"मालतीला सांगू नकोस पिस्तूल घेतलं नाही ते," ते उतरताना म्हणाले. "दसऱ्यापर्यंत बत्ता राहू दे."

बुधवारी दसरा. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. आम्ही रेडबड नावाच्या झाडाची घेतो, हृदयाच्या आकाराची, ऑक्टोबरात आपोआप पिवळी होणारी. मी स्वयंपाकघरात श्रीखंडाची वेलची कुटत होते. बेल वाजली.

दारात बापूकाका. त्यांच्या शेजारी काकू, पायात बूट, हातात पिवळी पानं. पत्रपेटीच्या पलीकडे, तब्बल तीन घरं.

"सोनं घे," काकू म्हणाली, "आणि तोंड मीट. माशी जाईल."

बापूकाका दिवाणखान्यात जाऊन माझ्या नवऱ्याच्या नव्या रिमोटची परीक्षा घेऊ लागले. काकू माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. तिनं खलाकडे पाहिलं. त्यात लाटणं उभं होतं.

"अजून दिला नाही ना यांनी तुझा बत्ता?"

मी सावधपणे म्हटलं, "काका आता खरं पिस्तूल…"

"अगं, शर्टाला वेलचीचा वास येतो त्यांच्या," काकू म्हणाली. "पिस्तुलाला कधी वेलचीचा वास येतो का?"

आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. मग ती थांबली.

"शनिवारपासून रोज संध्याकाळी एकटेच फिरायला जात होते. मी खिडकीतून बघायची. एक हात कमरेवर, दर चार पावलांनी मागे वळून बघणार. कोपऱ्यावरच्या बाईनं विचारलं मला फोन करून, पाठ धरली का त्यांची म्हणून." तिनं लाटणं उचलून उगीच दोन घाव घातले. "आणि चालताना फुटपाथच्या अगदी रस्त्याकडच्या कडेनं. आतल्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. शेजारी कुणी नाही, तरी वळताना थांबायचे, ती बाजू आधी पुढे जाऊ द्यायचे. मी नसताना माझी टेस्ट घेत होते. किती दिवस बघायचं असं? घातले बूट."

"मालती," बाहेरून हाक आली, "रिमोट नापास. चल, अंधार व्हायच्या आत निघू."

"आले हो," काकू म्हणाली.

आता थंडी पडली आहे. दोघं रोज संध्याकाळी माझ्या खिडकीवरून जातात, ते रस्त्याच्या बाजूला, ती आत. जाड कोटामुळे फुगवटा आता फडकेकाकांनाही दिसणार नाही. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर काकू बर्फावर जराशी घसरली तेव्हा त्यांचा हात कमरेकडे गेला नाही, तिच्या कोपराकडे गेला, आणि वेळेवर पोचला.

नवऱ्यानं दोनदा विचारलं, नवा खलबत्ता आणू का? मी नको म्हटलं. फ्रिजवरच्या यादीत बाकी सगळ्यावर काट मारली आहे: छप्पर, टोस्टर, मंडळाचा माइक. "बत्ता, बापूकाका, परत आणणे" तेवढं तसंच आहे. वेलची मी लाटण्यानं कुटते. थोडी जाडसर राहते.