खिडकी कितवीला आहे?

चिकलठाण्यात सोपानमामांच्या शेडवर खिडकीचं ग्रिल करायला कुणी आलं, की मामा माप विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतात, "घरात लेकरू हाय का? कितवीला?"

गिऱ्हाईक गडबडतं. एकजण म्हणाला, "मामा, चोर काय पोराची मार्कशीट बघून शिरतो का?"

"चोराचं सोडा. पोरगं कितवीला?"

मामांचं म्हणणं असं, की लेकरू घरात सगळ्यात जास्त वेळ खिडकीशी बसतं, तर तिथं त्याला मोजायला काहीतरी पाहिजे. पहिलीला नुसता चौकोन. त्यातून आजवर दोन मांजरं आणि किल्ली विसरलेले एक घरमालक आत गेलेत. दुसरीला एक तिरपी सळई, दोन त्रिकोण. तिसरीला फुलीसारख्या दोन, आठ त्रिकोण. नव्या जोडप्याला तर मामा ग्रिल करूनच देत नाहीत. "एवढी काय घाई हाय?" म्हणतात. एक रिटायर झालेले साहेब आले, घरात शिकणारं कुणी नाही म्हणाले. मामांनी विचारलं, "मग तुम्ही कितवीला सोडलं?"

दर जूनमध्ये मामा स्कूटरवर वेल्डिंगचं छोटं मशीन बांधतात आणि जुन्या गिऱ्हाइकांची घरं हिंडतात. लेकरू पास झालं की खिडकीला एक सळई वाढवायची, फुकट. नापास झालं तर नाही. पुंडलिकनगरात एक पोरगा नववीत दोनदा राहिला, हे गल्लीला त्याच्या खिडकीवरून कळलं. तिथल्याच एका बाईंनी हात जोडले, "मामा, पोरगी आठवीला गेली अन् घरात वारा यायचा बंद झाला. डासालासुद्धा वळसा घालावा लागतो."

"घालू द्या की. त्यालाबी अक्कल येईल."

हे खूळ कुठनं आलं, असं मी एकदा विचारलं. मामा धनगराच्या घरातले. म्हणाले, "आमचा बाप मेंढरं मोजायचा. एक मेंढरू एकदाच. दोनदा मोजलं की सगळं बोंबललं. अन् ही सळई बघ. ह्या त्रिकोणातबी हाय, त्याच्यातबी हाय, अन् त्या मोठ्यातबी हाय. एकटी सळई, पण किती घरी नांदती!" बोलताना त्यांनी सळईला असा हात लावला, जसा माणूस बैलाच्या पाठीला लावतो.

मी त्यांच्याकडं दोन वर्षांमागं आले. माझं गाव किनवटच्या पलीकडं. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मामांना ग्रिलला गंजावरचा लाल रंग, रेड ऑक्साइड मारायला आणि वही लिहायला माणूस पाहिजे होतं.

"शिक्षण?"

"दहावी पास," मी म्हणाले.

मी शाळा सातवीत सोडलेली. पण मामांनी दाखला मागितला नाही. शेडच्या मागची खोली दिली, मामींनी त्यांची शेगडी दिली. त्यांच्या उपकारानं माझं डोकं खाली आणि त्या खोट्यानं आणखी खाली. कुणी 'दहावी' म्हटलं की मी रंगाचा डबा ढवळायला घ्यायचे.

वहीत नाव, माप, इयत्ता लिहायची, ग्रिलची आकृती काढायची आणि शेवटी उत्तर, म्हणजे त्यात एकूण त्रिकोण किती. उत्तर माझ्याकडंच. "तू दहावी पास, तूच मोज," म्हणायचे. मी दिसतील तेवढे तुकडे मोजायचे आणि लिहायचे. मामा वही घेऊन घरोघर जायचे आणि त्यावरून लेकरांना बरोबर-चूक सांगायचे.

मग या जूनमध्ये आर्या आली. पुंडलिकनगरातलीच, पाचवीला गेलेली. आदल्या दिवशी मामा तिच्या खिडकीला सळई लावून आले होते. तिनं सोळा सांगितले, मामांनी वही बघून "आठ. चूक!" म्हटलं होतं. ती रात्रभर रडली म्हणे. आता आई मागं, ती पुढं, हातात कार्डशीट. त्यावर सोळा त्रिकोण, सोळा रंगांत.

"मामा, तुम्हीच मोजा," ती म्हणाली.

मामांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राह्यला गं."

"कपाळावर आहे."

मामांनी चष्मा खाली घेतला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि माझ्याकडं वळले. "सुरेखा दहावी पास हाय. ती सांगंल."

मी बोट ठेवून मोजत गेले. सहा, सात, आठ. थांबले.

"मावशी, हे नुसते सुटे झाले," आर्या म्हणाली. "दोन-दोन जोडून चार होतात. चार-चार जोडून आणखी चार. ते कुठंयत?"

कुठं असणार? माझ्या सातवीच्या पलीकडं कुठंतरी. शेडमध्ये वेल्डिंग थांबलेलं, आर्याची आई माझ्याकडं बघतेय, आणि मला समोर माझी खोली दिसायला लागली, शेगडी, दोरीवरच्या साड्या, सगळं गाठोड्यात. आपोआप तोंडातून निघालं, "मामा, मी दहावी नाय. सातवीतून सुटले. खोटं बोलले मी. ह्या महिन्याचा पगार राहू द्या, पण नवरा येईस्तोवर खोली तेवढी..."

"सातवी?" मामा म्हणाले.

"व्हय."

"म्हणजे माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्तच की!"

आर्यानं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग, "खाली बसा दोघं," म्हणाली. आम्ही बसलो. तासभर तिनं शिकवलं. जाताना वही सोबत नेली, दोन वर्षांची उत्तरं तपासली आणि शेवटच्या पानावर लाल पेनानं शेरा मारला: "निष्काळजीपणा."

त्या दिवशी दुपारी मामा मला जेवायला घरी घेऊन गेले. मला वाटलं, मामींच्या समोर काढून टाकणार. मामी स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावून मेथी निवडत होत्या. खिडकी होती, पण तिच्यात एवढ्या सळया होत्या, की उजेडाला यायला जागा नव्हती.

"हिलाबी दाखवायला आणलं का?" मामी म्हणाल्या. "दाखवा. माझे तर डोळे गेले."

ती खिडकी त्यांच्या लेकीची, ज्योतीची. लहानपणी तिला शाळेच्या वहीतली आकृती समजायची नाही, म्हणून मामांनी ती लोखंडात करून दिलेली. मग दरसाल एक सळई. मामा करायचे, ती सोडवायची. मामांना उत्तर कधी ठाऊकच नव्हतं. ती "बाबा, सुटलं" म्हणायची, तेवढ्यावर चालायचं.

"दहावीपर्यंत सोडवलं तिनं," मामा म्हणाले. "पुढच्या सळया तिचं लगीन झाल्यावरच्या. दर जूनला एक टाकतो. उत्तर मला येत नाय. फोनवर विचारायला गेलो, तर म्हणती बाबा, कामात हाय, नंतर करते." ते खिडकीशी खाटखूट करत राहिले. "म्हणून म्हटलं, दहावी पास माणूस ठेवावं."

मी हात धुतले आणि पाट ओढून खिडकीसमोर बसले. मामा बाहेरच्या बाजूनं गेले, मी आतून. मामींनी चहा टाकला. माझे एकशे बारा आले, मामांचे एकशे सात.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? उद्या यावंच लागंल तुला," मामा म्हणाले, आणि दोन वर्षांत मी त्यांना एवढं खूष बघितलं नव्हतं.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोजतो. मामा मधेच कुठंतरी मुद्दाम चुकतात, असं मला वाटतं. मी त्यांना विचारलेलं नाही. परवा मात्र मामा मोठ्यानं मोजत होते आणि त्यांचा आकडा माझ्या आकड्याशी जुळत आला होता. मामा बाहेरून ओरडले, "किती आले गं तुझे?"

मी दोन कमी सांगितले.