बाईंचा प आणि जावयाची जाळी

सासूबाईंचा प माइकवर फुटतो, ही गोष्ट त्यांना सांगायची कशी, या विचारात जावयाचा सकाळचा चहा गार झाला.

फोन बस कंपनीच्या साउंड इंजिनिअरचा होता. शहरातल्या सगळ्या बसमध्ये थांब्यांची नावं सांगायला कंपनीला आवाज हवा होता, आणि निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या सासूबाईंचा आवाज त्यांनी जवळजवळ पक्का केला होता.

"आवाज खणखणीत आहे हो," इंजिनिअर म्हणाला, "पण प आला की माइकवर कुणी उशी आपटल्यासारखं वाटतं. त्यात आमचे निम्मे थांबे प वरून. पोस्ट ऑफिस, पाण्याची टाकी, पोलीस चौकी, पूल. माइकपुढे पॉप फिल्टर लावा. गोल जाळी असते, तोंडातली हवा अडवते. संध्याकाळपर्यंत पुन्हा रेकॉर्ड करून पाठवा, नाहीतर आम्हाला दुसरा आवाज बघावा लागेल."

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. बारीक स्क्रू, नाजूक दांड्या, यांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जाळी लावणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना अख्खी वस्ती नुसतं 'बाई' म्हणायची, तेही सावरून बसत.

त्यानं बायकोला तिच्या ऑफिसात फोन लावला.

"तोंडावर सांगू नकोस हं," ती घाबरून म्हणाली. "आईनं जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारलेत. तिचाच उच्चार चुकतो म्हटलंस, तर ती रेकॉर्डिंगच सोडून देईल. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा ती इतकी खुशीत आहे रे."

"मग सांगू काय?"

"काहीही सांग. जाळी लाव आणि सटक."

जाळी विकत घेऊन जावई सासुरवाडीला पोचला. मागच्या खोलीत जाड पडदे ओढून बाई माइकपुढे तयारच होत्या; पुन्हा रेकॉर्डिंग आहे, एवढंच त्यानं फोनवर कळवलं होतं. सासरे कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"हे काय आणलंत, जावईबापू? पिठाची चाळण?"

"नाही आई, माइकची जाळी. धूळ बसू नये म्हणून."

हे शब्द तोंडातून निसटले आणि आपलं काय चुकलं ते जावयाला कळलं.

"धूळ?" बाई सावकाश म्हणाल्या. "माझ्या घरात?"

"तुमच्या घरात नाही हो! हवेत... एकूणच..."

पण बाईंनी पदर खोचला होता. पडदे झटकले गेले, कपाटं पुसली गेली, सासऱ्यांना खुर्चीसकट उचलायचंच काय ते बाकी राहिलं. शेवटी टेबलावर लाकडाचं पॉलिश असं घासलं गेलं, की त्यात तोंड दिसावं. या सगळ्यात दुपार सरली.

जाळीचा चिमटा टेबलाच्या कडेला बसवताना जावयाच्या लक्षात आलं, की पॉलिशमुळे चिमट्याला पकडच मिळत नाही. त्यानं स्क्रू जीव खाऊन पिळला. चिमटा बसला. वाकड्या मानेच्या दांडीवर जाळी माइकपुढे डौलात उभी राहिली.

"तोंड अगदी जाळीसमोर ठेवायचं बरं का," त्यानं बजावलं आणि बटण दाबलं.

"पुढील थांबा, पोस्ट ऑफिस," बाईंनी सुरुवात केली.

चिमटा किंचित घसरला. जाळी बोटभर खाली आली. बाईही बोटभर वाकल्या.

"पुढील थांबा, पाण्याची टाकी."

जाळी आणखी खाली. बाई आणखी खाली. एकदा सुरू केलेला पाठ मध्येच थांबवायचा नाही, हा त्यांचा शाळेपासूनचा नेम होता. पोलीस चौकी येईपर्यंत त्यांची हनुवटी टेबलाला टेकली आणि पुलाशी जाळी टेबलाखाली दिसेनाशी झाली. बाई तिच्या मागोमाग गेल्या. टेबलाखालून आवाज आला, "कृपया पुढील दाराने उतरावे."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "अगं, तू कुठून उतरतेयस?"

बाई लालबुंद होऊन वर आल्या. "जावईबापू, ही धुळीची जाळी काढून टाका. धूळ पुसलीय मी."

"काढता नाही येणार, आई."

"का?"

जावयानं घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, शेवटी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांना त्याची दया आली असावी.

"अगं, ती धुळीसाठी नाहीच," ते म्हणाले. "तुझ्या प साठी आहे. तू प म्हणालीस की वारा सुटतो. दर वेळी मी जावयाच्या दुकानातून चष्मा पुसायची फडकी का मागवतो असं वाटतं तुला?"

जावई जमिनीतल्या फरशा न्याहाळू लागला.

बाईंनी पेपरची एक पट्टी फाडली आणि ओठांसमोर धरली. प म्हणताना पट्टी हलायला नको, असं त्यांनी किती पिढ्यांना शिकवलं होतं. त्या "प" म्हणाल्या. पट्टी हातातून सुटून सासऱ्यांच्या मांडीवर जाऊन पडली.

त्यांनी ती उचलून तिची नीट घडी केली.

"शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असायचा ना प," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पदर सारखा केला. "चुकलं तर चुकलं. पण हे आडून आडून सांगणं कसलं? जाळी धरा हातात. मी वाचते."

जावयानं गुडघे टेकून, हात लांब करून जाळी धरली. हाताला मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली, पण जाळी हलली नाही. बाईंनी सगळे थांबे पुन्हा वाचले, एकेक प फुंकर घातल्याइतका हलका. दिवेलागणीला रेकॉर्डिंग गेलं आणि लगेच उत्तर आलं: एकदम स्वच्छ!

काही आठवड्यांनी बसमध्ये आवाज सुरू झाला. पहिल्याच दिवशी बाई जावयाला घेऊन, ठेवणीतली साडी नेसून बसमध्ये बसल्या.

"पुढील थांबा, पाण्याची टाकी," छतातून मंजुळ आवाज आला. बाईंनी डोळे मिटले. जावयाचीही छाती फुगली.

शेजारच्या सीटवरच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती छान बोलतं नाही हे मशीन! कुठे श्वास नाही, काही नाही. माणसाला जमायचं नाही असं."

बाईंनी डोळे उघडले. "मशीन नाही ते. मी आहे."

"कोण?"

"तो आवाज माझा आहे."

काकूंनी जावयाकडे पाहिलं. जावयानं जोरजोरात मान हलवली. काकू 'बरं बरं' म्हणत खिडकीकडे सरकल्या.

बाई उठल्या. वरचा दांडा धरला. छाती भरून श्वास घेतला आणि छतातल्या आवाजाच्या सुरात सूर मिळवून गरजल्या, "पुढील थांबा, पोस्ट ऑफिस!"

पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी दचकून मान पुसली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. सगळी बस वळून बघू लागली. आणि काकूंनी टाळ्या वाजवल्या.

"अगदी हुबेहूब हो! काय नक्कल करता! फक्त तो प तेवढा मशीनसारखा जमत नाहीये."

बाई मटकन खाली बसल्या. पूल गेला, पोलीस चौकी गेली. जावई जीव मुठीत धरून बसला होता.

शेवटी त्याच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "जावईबापू, ती जाळी दुकानवाला परत घेईल का हो?"